‘जियारा’ म्हणजे जियारत नव्हे

उमऱ्याला निघालेल्या माणसाच्या घरी आठवडाभर पाहुण्यांची रीघ असते. कुणी दुआ करायला सांगतं, कुणी हातात पाकीट ठेवतं, कुणी अजवा खजुराची आठवण करून देतं. एहरामचं कापड धुऊन ठेवलेलं असतं, तलबिया पाठ झालेली असते, गुडघेदुखीच्या गोळ्या वेगळ्या पिशवीत बांधलेल्या असतात. अशा घरी गेलो की मी सवयीने एक प्रश्न विचारतो : व्हिसा बघू? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘तो टूरवाल्याकडे आहे, एअरपोर्टवर देणार आहेत.’ आणि पासपोर्ट? तोही तिकडेच. किती दिवसांचा व्हिसा आहे, कसला आहे, नाव नीट आहे का, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. विचारणाऱ्याकडे मात्र ‘याला काय झालंय’ अशा नजरेने पाहतात.

माझं म्हणणं फार मोठं नाही. पासपोर्ट आणि व्हिसा हे दोन कागद प्रवाशाने स्वतः, निघण्याच्या पुरेसं आधी वाचलेले असावेत. मुलाने, जावयाने किंवा एजंटने वाचले म्हणजे झालं, असं नाही. आपल्याकडे हज-उमरा आणि आखाती नोकरी हे परदेशी जाण्याचे दोन मोठे रस्ते आहेत. रत्नागिरी-रायगडच्या पट्ट्यात तर आखातात कुणी नाही असं घर शोधावं लागेल. तीन पिढ्या येजा करूनही आपण या कागदांकडे एजंटची खासगी मालमत्ता म्हणून बघतो, याचं मला नवल वाटतं.

यावर ठरलेली सबब असते : आम्हाला इंग्रजी येत नाही. ती अर्धी खरी आहे. सौदीच्या व्हिसावर इंग्रजीसोबत अरबी मजकूरही असतो, आणि अरबी अक्षरं आपल्या घरात कुणाला येत नाहीत? ज्या आजीला सातबारा वाचता येत नाही, तिने लहानपणी मकतबमध्ये नूरानी कायदा आणि सिपारे वाचलेले असतात. व्हिसा कोणत्या कामाचा आहे, हे सांगणारे शब्द मोजके आहेत. हे आणि जीम म्हणजे हज. ऐन, मीम, रे म्हणजे उमरा. ऐन, मीम, लाम म्हणजे अमल, अर्थात काम, नोकरी. जेर-जबर नसले तरी हे शब्द तिच्या जिभेवरचेच आहेत. ‘उमरा’ आणि ‘अमल’ यांत एका अक्षराचा फरक आहे आणि तो तिला दिसतो. पण तिला तो कागद कुणी दाखवतच नाही.

एका शब्दापाशी मात्र जपून. ‘जियारा’. आपल्या कानाला हा शब्द जियारत म्हणून ऐकू येतो आणि जियारत म्हटलं की मदिना आठवते, दर्गाह आठवते, डोळे भरून येतात. व्हिसावर ‘जियारा’ म्हणजे नुसती भेट, इंग्रजीतला व्हिजिट. नातेवाइकांना भेटायला, कंपनीच्या कामाला, फिरायला. त्यात पवित्र असं काही नाही आणि त्यावर हज करता येत नाही. सौदीने 2019 मध्ये पर्यटन व्हिसा सुरू केला, नंतर त्यावर उमरा करायलाही मुभा दिली. त्यामुळे ‘व्हिजिटवर सगळं चालतं’ अशी समजूत पसरली. उमरा चालतो. हज चालत नाही. हजसाठी हजचाच व्हिसा आणि हजचंच परमिट लागतं.

हा फरक कागदावरचा वाटतो. 2024 च्या हजमध्ये तो किती खोल आहे ते दिसलं. त्या वर्षी जूनच्या मध्यावर मक्केत पारा 51 अंशांच्या वर गेला. सौदी सरकारने नंतर मृतांचा आकडा 1,301 जाहीर केला आणि त्यांतले 83 टक्के परमिट नसलेले होते असं सांगितलं. सर्वाधिक मृत्यू इजिप्तच्या लोकांचे होते. परमिट असलेल्याला मिनामध्ये थंड हवेचा तंबू मिळतो, बस मिळते, त्याच्या गटाची नोंद असते आणि तो चक्कर येऊन पडला तर हा कुणाचा माणूस, हे कळतं. व्हिजिट व्हिसावर गेलेल्याला तंबूत जागा नाही, बसमध्ये जागा नाही. तो पोलिसांची नजर चुकवत आडवाटेने, उन्हात, मैलोनमैल चालत राहतो. वय साठ-पासष्ट. नंतर इजिप्तने 16 टूर कंपन्यांचे परवाने रद्द केले, ट्युनिशियात धार्मिक व्यवहार मंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं. मेलेले परत आले नाहीत.

त्या दिवसांत आपल्याकडेही एक वाक्य ऐकू येत होतं, ‘मक्केत मौत आली, नसीबवान.’ ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याने हे म्हणावं, तो त्याचा सब्र आहे. पण तेच वाक्य पैसे घेऊन चुकीच्या व्हिसावर म्हातारी माणसं पाठवणाऱ्याच्या तोंडी येतं तेव्हा ती फसवणूक असते. मला या एका वाक्याचा जेवढा राग येतो तेवढा दरपत्रकातल्या छुप्या खर्चाचाही येत नाही.

धर्माच्या बाजूनेही हे बघायला हवं, कारण ‘अल्लाहच्या घरी जायला सरकारचा कागद कशाला’ असं म्हणणारे भेटतात. हज फर्ज होतो तो इस्तिताअत असलेल्यावर, म्हणजे ज्याला तिथवर पोचण्याची ऐपत आहे त्याच्यावर. आपल्या हनफी फिकहमध्ये त्या अटींत वाट सुरक्षित असणंही येतं. पूर्वी ही अट वाटमाऱ्यांसाठी, समुद्रासाठी, युद्धासाठी होती. आज लाखो माणसं त्याच चार-पाच दिवसांत त्याच मैदानात येतात, तेव्हा परमिट हाच सुरक्षित वाटेचा भाग आहे असं मी मानतो. सौदीतल्या ज्येष्ठ उलमांच्या मंडळाने एप्रिल 2024 मध्ये, म्हणजे त्या मृत्यूंच्या दोन महिने आधी, परमिटशिवाय हजला जाणं जायज नाही आणि जाणारा गुनाहगार आहे असं सांगितलं होतं. पुढच्या वर्षी सौदीने दंडही जाहीर केला : विनापरमिट जाणाऱ्याला 20 हजार रियालपर्यंत, म्हणजे सुमारे साडेचार लाख रुपये. अशा माणसासाठी व्हिजिट व्हिसा काढून देणाऱ्याला 1 लाख रियालपर्यंत. व्हिजिटवर मुलाने आईवडिलांना बोलावून घेतलं आणि हजच्या दिवसांत मक्केत थांबवून ठेवलं, तर आईच्या मायेपोटी केलेलं हे कामही या कलमात बसतं.

पैसे भरले म्हणजे व्हिसा झाला, हाही एक गैरसमज. 2025 मध्ये भारताचा हज कोटा 1,75,025 होता. त्यातल्या खासगी टूरवाल्यांच्या वाट्याच्या 52 हजारांवर जागांपैकी बहुतेक जागा गेल्या, कारण मिनातल्या तंबूंचे आणि वाहतुकीचे करार मुदतीत पूर्ण झाले नाहीत. सरकारने बोलणी केल्यावर 10 हजार जागांसाठी पोर्टल पुन्हा उघडलं. उरलेल्यांच्या हातात पावती होती, बॅग होती, मोहल्ल्याने घातलेले हार होते. चूक कुणाची यावर टूरवाले आणि सरकार यांनी एकमेकांकडे बोटं दाखवली. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की टूरवाल्याला ‘किती दिले, किती राहिले’ यासोबत ‘व्हिसा निघाला का, नंबर काय’ हेही विचारायची सवय लागली पाहिजे. 2018 पासून 45 वर्षांवरच्या स्त्रियांना मेहरमशिवाय गटाने हजला जाण्याची वाट मिळाली. मला ती मोठी गोष्ट वाटते. पण मेहरम सोबत नाही म्हणजे कागद सांभाळणाराही सोबत नाही. तिथे तर हे वाचन त्या बाईलाच आलं पाहिजे.

आता दुसरा रस्ता, नोकरीचा. इथे ‘अमल’ आणि ‘जियारा’ यांतला फरक जास्त महाग पडतो.

आपल्या देशात 1983 चा उत्प्रवासन कायदा आहे. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ असा शेरा असतो. असा माणूस ठरावीक 18 देशांत नोकरीला निघाला तर त्याला आधी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. या यादीत सगळे आखाती देश आहेत, मलेशिया आणि थायलंडही आहेत. लोकांना वाटतं हा शेरा म्हणजे कमीपणाचा शिक्का आहे. खरं तर तो संरक्षणाचा आहे. मंजुरीच्या वेळी मालक कोण, पगार किती, करार काय याची नोंद होते, ‘प्रवासी भारतीय बीमा योजने’चा 10 लाखांचा विमा उतरतो, आणि त्याचा हप्ता दोन वर्षांना 275 रुपये आहे. परवानाधारक एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. आपल्या गल्लीत चालू भाव काय आहे तो वाचकांनी स्वतःच आठवावा.

हे सगळं टाळायची युक्ती म्हणजे व्हिजिट व्हिसा. फिरायला जाणाऱ्याला ही मंजुरी लागत नाही. मग गवंडीकाम करायला निघालेला पोरगा कागदावर पर्यटक होतो. एजंट त्याला पढवतो, काउंटरवर विचारलं तर मामाकडे चाललोय म्हण. हातात परतीचं तिकीट दिलेलं असतं, जे नंतर रद्द होणार असतं. ‘तिथे गेल्यावर चेंज होतो,’ हे वाक्य तर पाठच असतं. दुबईत व्हिजिटवर जाऊन नोकरी शोधणं आणि रीतसर व्हिसा बदलून घेणं शक्य असतं, हे खरं आहे. पण बदल होण्याआधी केलेलं काम बेकायदा असतं, आणि दुबईत जे चालतं ते रियाधला किंवा कुवेतला चालेलच असं नाही. व्हिजिटची मुदत उलटली की अमिरातीत दिवसाला 50 दिरहम दंड चढत जातो. पगार थकला तर तक्रार करायला हा कामगार आहे असं कागद म्हणतच नाही. मचाणावरून पडला तर विमा नाही. वकिलातीला फोन केला तर तिथल्या नोंदीत तो फिरायला आलेला आहे.

घरकामाला जाणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. ईसीआर पासपोर्टवर 30 वर्षांखालच्या स्त्रीला अशा कामासाठी मंजुरी मिळत नाही. हेतू चांगला आहे. पण गरज थांबत नाही, म्हणून तिला व्हिजिटवर पाठवतात आणि जिला संरक्षणाची सगळ्यांत जास्त गरज, तीच नोंदीबाहेर जाते. इथे मी सरकारलाही बोल लावतो. मंजुरीचा रस्ता सोपा, मराठीत-उर्दूत समजेल असा आणि तालुक्याच्या गावी मिळेल असा केला असता, तर व्हिजिटच्या धंद्याला एवढी बरकत आली नसती. दहावी न झालेल्या माणसासाठी केलेली व्यवस्था पोर्टल आणि पासवर्डवर उभी करायची, हे अजब आहे.

अलीकडे यापेक्षाही धोक्याचं एक वाक्य बाजारात आलंय, ‘व्हिसा लागतच नाही.’ थायलंडने नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना विनाव्हिसा प्रवेश दिला. तो फिरायला दिला, कामाला नाही. बँकॉकला डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून गेलेल्या मुलांना सीमा ओलांडून म्यानमारमध्ये नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर बसवल्याच्या बातम्या 2022 पासूनच येत होत्या. मार्च 2025 मध्ये भारताने हवाई दलाची विमानं पाठवून अशा 500 हून अधिक जणांना परत आणलं. इराणनेही फेब्रुवारी 2024 मध्ये भारतीयांना विनाव्हिसा सवलत दिली : फक्त विमानाने, फक्त पर्यटनाला, जास्तीत जास्त 15 दिवस. कुम आणि मशहदला जियारतीला जाणाऱ्या मुंबईच्या शिया बांधवांची सोय झाली. पण नोकरीच्या किंवा तिसऱ्या देशात पोचवण्याच्या आमिषाने तरुणांना तिथे नेऊन डांबायचं आणि घरी खंडणीचे फोन करायचे, असे प्रकार घडले. शेवटी 22 नोव्हेंबर 2025 पासून इराणने ही सवलत थांबवली. काही टोळ्यांमुळे जियारतीचा सोपा रस्ता बंद झाला. व्हिसा नसतो तिथे वाचायला कागदही नसतो, म्हणून त्या देशाची अट स्वतः शोधून वाचावी लागते. आणि ती दर वर्षी बदलू शकते. गेल्या साली मेहुणा गेला होता, हा पुरावा होत नाही.

नावाबद्दल थोडं सांगतो, कारण इथे आपली अडचण खास आपली आहे. पासपोर्टमध्ये दोन रकाने असतात, आडनाव आणि दिलेलं नाव. कोकणी मुसलमानांना आडनावं असतात, त्यांचं निभावतं. मराठवाड्यात-विदर्भात माणूस ‘शेख रफिक शेख इस्माईल’ असतो. यात आडनाव कोणतं? एका कागदावर शेख, दुसऱ्यावर इस्माईल, तिसऱ्यावर आडनावाचा रकाना कोरा. त्यात शेखचं इंग्रजी स्पेलिंग तीन तऱ्हांचं आणि मोहम्मदचं किती तऱ्हांचं ते मोजायला बसू नये. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी लिहिलं ते एक, आधारवर ऑपरेटरने टाइप केलं ते दुसरं. नोव्हेंबर 2022 मध्ये अमिरातीने जाहीर केलं की पासपोर्टवर एकच शब्द नाव म्हणून असेल तर व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाही. दोन-तीन दिवसांत खुलासा आला, की दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. तेवढ्या दोन-तीन दिवसांत किती तिकिटं वाया गेली असतील. अमेरिकेच्या व्हिसात तर दिलेल्या नावाचा रकाना कोरा असला की तिथे ‘एफएनयू’ छापतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. पुढे हेच त्या माणसाचं नाव होऊन बसतं.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी आपण आपसात बोलतो पण लिहीत नाही. स्पेलिंगमधला फरक सगळ्यांच्याच कागदांत असतो. पण काउंटरवरच्या माणसाने समोरच्याकडे बघून ‘जाऊ दे’ म्हणण्याची शक्यता सगळ्यांना सारखी मिळत नाही. हे अन्यायाचं आहे, त्याविरुद्ध बोललंच पाहिजे, मी बोलतोही. पण बोर्डिंगला चाळीस मिनिटं राहिलेली असताना ती लढाई लढता येत नाही. म्हणून पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट एकाखाली एक ठेवून अक्षर अक्षर जुळवून घ्यावं. दुरुस्ती करायची तर पासपोर्टमध्येच करावी आणि लग्नाचं, नोकरीचं ठरायच्या आधी करावी. लग्न झालं म्हणून बायकोचं नाव बदलायलाच हवं असा कोणताही नियम नाही.

बाकीचं लवकर सांगून टाकतो. बऱ्याच देशांना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक लागते, आणि ती पोचण्याच्या तारखेपासून मोजतात की परतीच्या, ते त्या देशावर असतं. कोरी पानं शिल्लक आहेत का ते बघावं. भिजलेला, टाके सुटलेला पासपोर्ट चालेल या भरवशावर राहू नये. हे सगळं आधी तपासते ती विमान कंपनी, कारण परत पाठवलेल्या प्रवाशाला आणण्याचा भुर्दंड तिच्यावर पडतो. त्यामुळे माणूस परदेशात पोचायच्या आधी मुंबईतच अडतो, आणि अडवणाऱ्याशी हुज्जत घालून उपयोग नसतो. एवढं होऊनही व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नाही, शेवटचा शब्द उतरल्यावरच्या अधिकाऱ्याचा असतो. आणि पासपोर्ट आपला असला तरी 1967 च्या कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा असतो. तो कुणा टूरवाल्याने अनामत म्हणून किंवा कफीलने ताब्यात ठेवायची वस्तू नाही. बहुतेक आखाती देशांच्या कायद्यातही मालकाने पासपोर्ट ठेवून घ्यायला मनाई आहे. तरीही ठेवतात, आणि आपली मुलं मुकाट देतात, कारण तो आपल्या हातात असतो ही सवयच इथून निघताना लागलेली नसते.

‘गरिबावरच सगळी जबाबदारी टाकता,’ असं मला एकाने सुनावलं. त्याचं बरोबर आहे, एकट्याने हे होणार नाही. पण आपल्याकडे जागा आहेत. हजच्या तरबियती शिबिरात तवाफ, सई, रमी यांवर दिवसभर बोलतात. त्यात अर्धा तास खरा व्हिसा पडद्यावर दाखवून वाचायला द्यावा. जुम्याच्या बयानात हलाल कमाईवर पुष्कळ ऐकतो. मामाकडे चाललोय असं काउंटरवर खोटं सांगून सुरू झालेल्या कमाईवर एक जुमा खर्च करायला हरकत नसावी. कुरआनातली सगळ्यांत लांब आयत नमाज-रोज्यावर नसून देणंघेणं लिहून ठेवण्यावर आहे, हे सांगणाऱ्या इमामाला लिहिलेलं वाचायला सांगणं अवघड जाऊ नये. कोकणातल्या गावोगावच्या जमातींकडे आखातात तीस-तीस वर्षं काढून परतलेली माणसं बसून आहेत. ‘अमल’ आणि ‘जियारा’ यांतला फरक त्यांना आपल्या हाडांनी ठाऊक आहे. निघणाऱ्या पोराचा कागद एजंटने लिफाफ्यात घालण्याआधी मगरिबनंतर अशा दोघांपुढे ठेवला, तर दहा मिनिटं लागतात. सौदीने 2023 मध्ये भारतीयांसाठी पासपोर्टवर चिकटवायचा व्हिसा बंद करून क्यूआर कोडचा कागद सुरू केला. तो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, म्हणून त्याची नक्कलही सोपी झालीय. पण सरकारी संकेतस्थळावर व्हिसा आणि पासपोर्टचा नंबर टाकून तो खरा आहे का हे बघणंही सोपं झालंय. एजंटचा परवाना नंबर ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर शोधता येतो. नंबर विचारल्यावर जो एजंट म्हणतो, ‘आपल्यातच भरोसा नाही का?’, त्याला पासपोर्ट देऊ नये.